ऑक्सिजन सेन्सर शोरूमचा घ्यावा की बाहेरचा? (स्विफ्ट पेट्रोल, फोंडा)

फोंडेकर_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची स्विफ्ट, पेट्रोल, लाखाच्या पुढे धावलेली. मी फोंड्याचा, कामाला वेर्णा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे रोज बोरी पुलावरून जाणं-येणं. पाऊस सुरू झाल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागतोय. मध्येच विझतो, परत लागतो. शोरूममध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०१३५. म्हणाले पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलायला हवा. पार्ट आणि मजुरी धरून सात हजारांच्या आसपास सांगितले.

बाहेर चौकशी केली आणि जास्तच गोंधळलो. एका दुकानात डेन्सो कंपनीचा तीन हजारांच्या आतबाहेर. दुसऱ्याने साध्या पांढऱ्या खोक्यातला नऊशेचा काउंटरवर ठेवला, "सगळे हाच लावतात, काही होत नाही" म्हणाला. तिसरा म्हणतो, कपलर (वायरींचा कनेक्टर) नसलेला युनिव्हर्सल घ्या, जुन्याची वायर कापून जोडून देतो, अजून स्वस्त पडेल. ऑनलाइन बघितलं तर एकाच नावाचा सेन्सर तीन वेगवेगळ्या किमतींना.

बाकी लक्षणं अशी: ॲव्हरेज खाली आलंय. सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरकडे पेट्रोलचा वास येतो, गरम झाल्यावर कमी होतो. आणि पणजीहून येताना म्हार्दोळ सोडलं की फर्मागुडीच्या चढावर पूर्ण दाबल्यावर जर्क मारते.

पीयूसी संपत आली आहे, आणि चवथीला सगळ्यांना घेऊन सत्तरी तालुक्यात गावच्या घरी जायचंय. अशी मध्येच दिवा पेटणारी गाडी घेऊन जायला मन होत नाही. सात हजार द्यायला हरकत नाही, पण ते खोक्याचे आहेत की मालाचे हे कळायला हवं. ज्यांनी स्वतः बदललेत त्यांनी सांगा.

मडगाव_टॅक्सी

माझ्या टॅक्सीला साधा लोकल लावला होता. दिवा गेला, गाडी नीट चालली. पुढे पावसात परत दिवा लागला. मग दुसरा लोकल. धंद्याच्या गाडीला दर वेळी शोरूमचा परवडत नाही, दादा. बघा तुम्हाला काय जमतं ते.

डिचोली_ऑटोइलेक्ट्रिक

फोंडेकर बाब, मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. घाईत नऊशेचाही घेऊ नका आणि सात हजारही देऊ नका. आधी सेन्सर खरंच गेलाय का ते बघा.

पी ०१३५ हा कोड "सेन्सर गेला" असं सांगत नाही. पुढच्या, म्हणजे इंजिनाजवळ धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो सांगतो. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक असते, ती सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून आत हीटर दिलेला असतो, गाडी चालू केल्यावर तो थोड्याच वेळात टोक तापवतो. हीटर बंद पडला तर सेन्सर निव्वळ धुराच्या उष्णतेवर तापतो, त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आंधळेपणाने, आपल्या ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो आणि ते जरा जास्तच असतं. सकाळचा वास आणि गरम झाल्यावर कमी होणं, दोन्ही याच्याशी जुळतं.

पण सर्किट म्हणजे हीटर, वायर, कपलर, फ्यूज सगळं आलं. आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं ते सांगतो. गाडी फणसाखाली नाहीतर गोठ्याच्या बाजूला उभी, आणि उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात. सेन्सरच्या वायरीचं आवरण कुरतडलेल्या किती गाड्या माझ्याकडे येतात! शोरूममध्ये त्यांना थेट सेन्सर बदलायला सांगितलेलं असतं. किनाऱ्याकडच्या गाड्यांची वेगळीच तऱ्हा: कपलर उघडला की आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. उसगाव, डिचोली पट्ट्यात खाणीची लाल माती कपलरच्या रबरात जाऊन बसते, मग रबर पाणी अडवत नाही. तुमचा दिवा मध्येच विझतो आणि पावसात लागतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला आधी वायरिंगचाच संशय येतो.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर सोडवा. सेन्सरच्या बाजूला चार वायरी दिसतील, त्यातल्या दोन एकाच रंगाच्या, त्या हीटरच्या. डेन्सोच्या असतील तर बहुतेक दोन काळ्या, सिग्नलची निळी आणि अर्थची पांढरी. बॉशच्या असतील तर हीटरच्या दोन पांढऱ्या, सिग्नलची काळी, अर्थची राखाडी. एकसारख्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. गाडीगणिक आकडा बदलतो, पण थंड असताना पाच ते पंधराच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. काहीच आलं नाही, मीटर उघडं सर्किट दाखवत असेल, तर हीटर तुटला, सेन्सर बदलायचाच. आकडा बरोबर आला तर इंजिन चालू करून गाडीकडच्या कपलरमध्ये बॅटरीचा व्होल्टेज येतो का बघा. येत नसेल तर फ्यूज किंवा वायर. तिथे नवीन सेन्सर लावून काहीच होणार नाही, मग तो शोरूमचा असो की कुठलाही.

फर्मागुडीच्या चढावरचा जर्क मात्र या सेन्सरच्या माथी मारू नका. तुमच्यासारख्या गाड्यांत पूर्ण दाबल्यावर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणंच थांबवतो, ताकदीसाठी मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. त्या क्षणीचा जर्क बहुतेक वेळा स्पार्क प्लग नाहीतर त्याला करंट देणाऱ्या कॉइलचा निघतो. लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीचे प्लग कधी बदलले ते आधी आठवा. प्लग मिस करत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जळतं. सेन्सरपेक्षा कॅटचा खर्च कितीतरी मोठा, हे डोक्यात ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. समजा सेन्सरच गेला.

गाडीची कंपनी ऑक्सिजन सेन्सर स्वतः बनवत नाही. ती डेन्सो, बॉश, एनटीके अशा मोजक्या कारखान्यांकडून घेते आणि आपल्या खोक्यात घालून विकते. म्हणून "ओरिजिनल की बाहेरचा" असं विचारून उत्तर मिळत नाही. तुमच्या गाडीला कोणी बनवलेला बसवला होता, ते विचारा. उत्तर जुन्या सेन्सरवरच असतं. तो काढला की पान्याच्या सहा बाजूंवर नाहीतर त्याच्या वरच्या धातूच्या नळीवर काजळी असते. रॉकेलच्या फडक्याने पुसा, उजेडात तिरपा धरा, बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला दिसतो. त्याच नावाचा, तुमच्या इंजिनसाठी कॅटलॉगमध्ये दिलेला, त्याच कपलरचा सेन्सर बाहेर मिळाला तर डोळे मिटून घ्या. शोरूमच्या खोक्याचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. असे सेन्सर मी सर्रास लावतो, ते टिकतात.

आता नऊशेवाल्याबद्दल. मडगावच्या भावाला खोटं पाडायचं नाही, त्यांची गाडी चालली असेल. पण दिवा जाणं वेगळं आणि सेन्सर नीट चालणं वेगळं. चांगला सेन्सर गरम झाला की ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली होत राहतो. धुरात ऑक्सिजन कमी उरला की वर, जास्त उरला की खाली. ही हालचाल झटपट हवी. स्वस्तातल्या मालात टोक सुस्त असतं. सुरुवातीला कोड येण्याइतकं सुस्त नसतं, म्हणून दिवा बंद राहतो, पण ईसीयूला खबर उशिरा मिळते आणि पेट्रोलचा हिशेब मागेपुढे होतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून बघितलं तर आलेख बघूनच कळतं. दुसरी गोष्ट हीटर. ईसीयू हीटरमधून किती करंट जातो त्यावर नजर ठेवतो. नकली सेन्सरच्या हीटरचा ओहम वेगळा असला की नवा कोरा सेन्सर लावूनही पी ०१३५ तसाच. मग गिऱ्हाईक म्हणतं वायरिंगमध्ये दोष आहे, आणि फिरत फिरत गाडी माझ्याकडे येते.

युनिव्हर्सल कापून जोडायला मी माझ्या हाताने तयार नसतो. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते, आणि ती वायरींच्या तारांमधल्या बारीक फटींतून आत जाते. जोडाला सोल्डर केलं की वाट बुजली. कपलरमध्ये ग्रीस भरलं तरी तेच. नुसतं पिळून टेप मारली तर पावसात पाणी शिरतं. शिवाय मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळीच्या) शेजारी टेप टिकणार किती?

सेन्सर बनवणं ही जुनी कला आहे, उगाच कोणी उठून करावी अशी नाही. बॉशने लॅम्बडा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, १९७६ मध्ये बाजारात आणला, पहिल्यांदा बसला तो अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोला. इतक्या वर्षांचं सिरॅमिकचं काम नऊशेत मिळत नाही. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, शुद्ध इथेनॉलच्या एका भागाला जेमतेम ९. म्हणजे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरलं की त्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं, आणि किती द्यायचं हे ईसीयूला पुढच्याच सेन्सरकडून कळतं. तुमची गाडी ई२० यायच्या आधीची, तिला हा सेन्सर धडधाकट हवाच.

फोंडेकर_स्विफ्ट

काका, एवढं कोणी समजावलं नव्हतं. आज मित्राचा मीटर आणला. फ्यूज ठीक. गाडीच्या बाजूला १२ च्या वर व्होल्टेज येतोय. सेन्सरच्या दोन काळ्या वायरींमध्ये मीटर काहीच दाखवत नाही, दोनदा कपलर पुसून बघितलं. म्हणजे हीटर तुटलाच. वायर कुठे कुरतडलेली दिसली नाही.

सेन्सर जागेवरच ठेवून टॉर्चने बघितलं, डेन्सो वाचता येतं, नंबरचे शेवटचे आकडे काजळीत गेलेत. प्लग बाबांच्या काळातले, गाडी माझ्याकडे आल्यापासून बदललेले नाहीत. ते लगेच मागवतो.

आता भीती एकच. बाहेरून डेन्सोच्या खोक्यात नकली माल आला तर? आणि मागचा सेन्सरही सोबत बदलायचा का? शोरूमवाले जोडीने बदला म्हणत होते.

म्हापसा_स्पेअर_काउंटर

मी म्हापशाला स्पेअर पार्टच्या काउंटरवर असतो, म्हणून खोक्याबद्दल मी सांगतो.

खोकं आणि होलोग्राम बघून निर्धास्त होऊ नका. ते छापता येतं. सेन्सर हातात घ्या. खऱ्यावर नाव आणि नंबर धातूवर बारीक, सरळ कोरलेले असतात, बोटाने पुसले जात नाहीत. नकलीवर अक्षरं जाडीभरडी, कधी शाईने छापलेली. टोकावरच्या धातूच्या टोपीची भोकं किंवा फटी सारख्या अंतरावर, कडा गुळगुळीत. नकलीत एखादं भोक अर्धवट, वेल्डचा डाग दिसतो. आट्यांना बहुतेक कारखान्यातूनच करडं नाहीतर तांबूस पेस्ट लावलेलं असतं आणि टोकावर प्लास्टिकची टोपी. वायरीवरचं आवरण, कपलरचा रंग, वायरची लांबी, सगळं जुन्याशी जुळवा. लांबी कमी पडली तर वायर ताणली जाते आणि इंजिन हललं की तुटते. जास्त असेल तर लोंबून गरम पाइपला लागते.

नंबर काजळीत गेला म्हणून अडत नाही. आरसीवरचा चासी नंबर दुकानात द्या, त्यावरून गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर निघतो, त्यावरून डेन्सोचा. पुढचा आणि मागचा यांचे नंबर वेगळे असतात, पुष्कळदा वायरची लांबी आणि कपलरही वेगळा, तेव्हा "स्विफ्टचा सेन्सर द्या" एवढंच म्हणू नका. जीएसटीचं बिल घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. इलेक्ट्रिकल माल लावल्यावर आम्ही परत घेत नाही, सगळीकडे असंच आहे, म्हणून जुळवाजुळव काउंटरवरच करा. मीटर सोबत नेलात तर हीटरचा ओहम दुकानातच मोजता येईल. मला तरी त्याचा राग येत नाही.

ऑनलाइनवाल्यांत ज्याचा भाव इतरांच्या निम्मा आहे त्याच्याकडून हा पार्ट मागवू नका.

पेडणे_आय१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीला पी ०४२० आहे. गॅरेजवाला म्हणतो मागच्या सेन्सरखाली एक छोटी नळी घालून देतो, दिवा जाईल. करू का?

डिचोली_ऑटोइलेक्ट्रिक

आधी पेडण्याच्या भावाला. करू नका. मागचा सेन्सर कॅट काम करतंय का ते बघतो. कॅट चांगलं असेल तर मागच्याचा व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. तो पुढच्यासारखा वर-खाली नाचायला लागला की ईसीयू पी ०४२० देतो. नळी घालून सेन्सर धुरापासून लांब नेला की दिवा जातो, कॅट तसंच मेलेलं राहतं आणि त्याचा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. आधी गॅस्केटपाशी, जोडापाशी सायलेन्सर लीक आहे का बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला उगाच जास्त ऑक्सिजन दिसतो. आपल्याकडे खड्ड्यांत पाइप आपटून जोड सैल होणं नेहमीचंच. लीक नसेल तर लाइव्ह डेटा काढून पुढच्या-मागच्याचे आलेख इथे टाका, मग बोलू.

फोंडेकर बाब, मागचा बदलू नका. त्याचा कोड नाही, तुमच्या गाडीला एकच बँक (सिलिंडरची एकच रांग) आहे, जोडी लावायचं कारण नाही. ते पैसे प्लगला घाला. मागचा पुढे कधी गेला तर त्यालाही हाच न्याय, बनवणाऱ्याचं नाव बघून घ्या. शोरूमचाच घ्या असं मी फक्त दोन ठिकाणी सांगतो. एक, गाडी वॉरंटीत असेल तर. दुसरं, नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, पाच-सहा पिनांचा, त्याचा कारखान्याचा नंबर बाहेर नक्की जुळत नसेल तर. त्या जागी साधा चार वायरींचा चालत नाही. तुमच्याकडे चार वायरी आहेत, प्रश्न मिटला.

काढायचं कोणाकडेही द्या, पण समोर उभे राहा. इतक्या वर्षांचा सेन्सर आट्यांत धरलेला असतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, सकाळी इंजिन थोडं कोमट करून सोडवायचा. बावीसचा पाना लागतो, आणि वायरसाठी एका बाजूने चीर असलेला सॉकेट असेल तर उत्तम. अडला तर जोर लावण्याऐवजी थोडा मागे, थोडा पुढे करत सोडवा. आटे गेले तर मॅनिफोल्डचं काम निघतं. नव्याच्या टोकाला हात, तेल, ग्रीस काही लागू देऊ नका. पेस्ट फक्त आट्यांना, आणि ती आधीच लावलेली असेल तर वरून आणखी थापू नका. हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग पान्याने सुमारे ४० न्यूटन-मीटर. वायर जुन्याच क्लिपांतून न्या.

जुना काढल्यावर त्याचं टोक बघा, फेकू नका. नुसती कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं, ते हीटरमुळे समजण्यासारखं आहे. पण पांढरट, चकचकीत थर दिसला तर थांबा. कूलंट जळत असेल किंवा कोणीतरी कव्हर बसवताना साधं सिलिकॉन गॅस्केट वापरलं असेल. सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर मरतो, आणि कारण तसंच ठेवून नवीन लावलात तर तोही मरेल, डेन्सोचा असो की आणखी कोणाचा.

कोड पुसल्यावर ईसीयू पेट्रोलचा हिशेब नव्याने शिकतो. आधी थोडी हायवेला, थोडी गावात चालवा. मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या हिशेबात करतो ती टक्केवारीतली दुरुस्ती) बघा. दहाच्या आत असेल, अधिक किंवा उणे, तर ठीक. ई२० भरलेल्या जुन्या गाडीला ते थोडं अधिकच्या बाजूला झुकलेलं दिसेल, त्याने घाबरू नका.

पीयूसीला इंजिन पूर्ण गरम असताना जा. तुमच्या बीएस४ पेट्रोलला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं, आणि रेस करून बघतात तेव्हा लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ०.९७ ते १.०३ मध्ये. नुसता "पास" ऐकून निघू नका, कागदावरचे आकडे वाचा आणि इथे टाका. प्लग बदलण्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही मिळाले तर फर्मागुडीच्या जर्कचाही निकाल लागेल.